आखूड नळी आणि ॲलॉयसियसचा शब्द

ॲलॉयसियस तुस्कानोने आयुष्यात एकदाही बंदूक उडवली नाही. तरी मस्कतजवळच्या अल खौदच्या पलीकडे, खडीच्या माळावर, अर्बाब हमूदच्या खासगी नेमबाजीच्या मैदानात त्याच्या शब्दापुढे कोणाचं काही चालत नसे. एरवी तो त्या अर्बाबच्या, म्हणजे मालकाच्याच, बांधकाम सामानाच्या कंपनीत स्टोअरकीपर होता. वसईजवळच्या निर्मळचा, १९९१ साली मस्कतला आलेला. वादी अदाईत आमच्या समोरच्या फ्लॅटमध्ये राहायचा. त्याची इव्हॉन आणि माझी शुभदा यांच्यात वाटीभर साखरेपासून नवऱ्यांच्या तक्रारींपर्यंत सगळ्याची देवाणघेवाण चालायची.

शुक्रवारी सकाळी तो मैदानाच्या कडेला खुर्ची टाकून बसायचा. नेम धरून उभा असलेला माणूस ‘पुल’ म्हणाला, की यंत्रातून बशीएवढी नारिंगी तबकडी हवेत सुटायची. तिचा एक तरी तुकडा उडालेला दिसला, तर ॲलॉयसियस म्हणायचा ‘हिट’. नुसती धूळ उडाली, तर ‘लॉस्ट’. छर्रा लागला असला तरी तुकडा दिसल्याशिवाय गुण नाही, असा नियम. मला हा सगळा खेळ वेडगळपणाचा वाटायचा. बश्याच फोडायच्या तर आमच्या घरी या, शुभदा फुकटात फोडते, असं मी त्याला म्हणायचो. तो हसायचा नाही. त्या खुर्चीत बसला की तो कोणाचा नोकर राहत नसे, एवढं मला कळायचं आणि थोडा हेवाही वाटायचा. माझ्या ऑफिसात माझं ऐकत होतं कोण?

अर्बाबकडे लांब नळीच्या, भारी इटालियन बंदुका होत्या. पण तो हट्टाने वडिलांची जुनी बंदूक वापरायचा. ती आखूड नळीची, डोंगरातल्या झुडपांत तितर मारायला घेतलेली. जवळच्या शिकारीला ती उत्तम, उडत्या तबकडीला मात्र गैरसोयीची. एवढी हलकी, की तबकडीमागून फिरवताना हात मध्येच थबकायचा. शिवाय तिचे छर्रे लवकर पसरायचे आणि तबकडी लांब गेली की जेमतेम दोन-चार तिला गाठायचे. इतरांच्या तबकड्यांचा चुरा व्हायचा, अर्बाबच्या तबकडीचा नखाएवढा टवका उडायचा, नाहीतर नुसती धूळ. पाहुणे मिशीतल्या मिशीत हसायचे. वडील वारल्यापासून अर्बाबची एकच इच्छा होती, की वर्षाची स्पर्धा एकदा तरी याच बंदुकीने जिंकायची.

२००३ च्या जानेवारीत ती वेळ आली. मीही गेलो होतो, खरं तर बिर्याणीसाठी. एका पाहुण्याच्या पंचवीस तबकड्या संपल्या होत्या आणि त्यातल्या तेवीस फुटल्या होत्या. अर्बाबच्याही तेवीस फुटल्या होत्या आणि शेवटची एक बाकी होती. बरोबरी झाली तर करंडक पाहुण्याला द्यायचा, ही अर्बाबनेच घातलेली रीत. म्हणजे ही शेवटची लागायलाच हवी होती.

‘पुल’ ऐकू आलं, बार झाला. तबकडीवरून धुळीचा एक फुगा उठला आणि ती तशीच पुढे जाऊन खडीत पडली.

“लॉस्ट,” ॲलॉयसियस म्हणाला.

ज्याच्या सहीवर या माणसाचा व्हिसा, त्याची बायको, त्याच्या मुलीची, ऑड्रीची शाळा उभी होती, त्याला त्याने तोंडावर ‘लॉस्ट’ म्हटलं होतं. अर्बाबने वळून खुर्चीकडे क्षणभर पाहिलं. मग बंदुकीची नळी खाली दुमडून रिकामं काडतूस काढलं आणि पाहुण्याचा हात हातात घेतला.

माझी छाती अशी फुगली की जणू मीच पंच होतो. अख्ख्या वादी अदाईत मी ती गोष्ट तिखटमीठ लावून सांगितली. शुभदाने शिरा करून त्याच्याकडे नेला, तर तो वाटी तशीच ठेवून आत निघून गेला. मला राग आला. एवढं कौतुक होतंय, तर माणसाने निदान शिरा तरी खावा.

चौथ्या दिवशी तो दारात उभा. “शेखर, उद्या रुवीला नेशील का? डोळ्यांच्या डॉक्टरकडे. ते थेंब टाकतात, मग गाडी चालवता येत नाही.”

दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू निघाला. परतताना गाडीत तो बोलायला लागला. “सहा महिन्यांपासून मला अंधुक दिसतंय. चुरा झाला की कळतो. बारीक टवका उडाला तर नाही कळत. त्या दिवशी मला धूळ दिसली. तुकडा होता की नव्हता, मला माहीत नाही.”

“मग सहा महिने बोलला का नाहीस?”

“खुर्ची गेली असती.”

मी भडकलो. “आता तरी गप्प बस. मार्चमध्ये व्हिसा रिन्यू व्हायचाय. तुला कोणी काही विचारलंय का?”

“तुम्ही सगळे मला हिंमतवाला म्हणताय,” तो म्हणाला, “ते ऐकवत नाही मला. गाडी अर्बाबच्या ऑफिसला घे.”

अर्बाबने आम्हाला बसवून कहवा मागवला. ॲलॉयसियस बसलाच नाही. उभ्यानेच म्हणाला, “अर्बाब, मेरा आँख खराब है. छे महिने से. उस दिन टुकडा गिरा होगा, मैंने देखा नहीं. कप आपका होगा.”

अर्बाबने पेला खाली ठेवला. “गिरा,” तो शांतपणे म्हणाला. “छोटा था. लेफ्ट साइड गया. मैंने देखा.”

“फिर आप बोले क्यों नहीं?” हे मी विचारलं. माझा काही संबंध नव्हता, पण राहवलं नाही.

अर्बाब माझ्याकडे न बघता त्याच्याकडेच बघत होता. “बारा साल तुम जो बोला, हमने माना. तुम लॉस्ट बोला. खलास.” मग म्हणाला, व्हिसाचं होऊन जाईल. ऑपरेशनला सुटी घे, आणि बरा झालास की खुर्चीवर ये.

जिन्यात ॲलॉयसियस कठड्याला धरून रडला. थेंबांमुळे डोळे चुरचुरत असतील, असं मी उगाचच म्हणालो.

व्हिसा झाला. ऑपरेशनही झालं, इतकं छान की समोरच्या गच्चीवरच्या वाळत घातलेल्या शर्टाची बटणं तो मोजून दाखवायचा. अर्बाबचा ड्रायव्हर तीन शुक्रवार त्याला न्यायला आला आणि तिन्ही वेळा रिकाम्या गाडीने परत गेला.

“आता तर दिसतं ना तुला?” शेवटी मी चिडून विचारलं.

“दिसतं,” तो म्हणाला. “त्या दिवशी ऑफिसात त्याने मला शिव्या घातल्या असत्या, शेखर, तर मी परत खुर्चीवर गेलो असतो.”