काडीचा अर्थ

सत्तरच्या दशकात मी नागपूरच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ट्रंक ऑपरेटर होते. कानाला हेडफोन, समोर बोर्ड, आणि सहा तास "हॅलो, बोला, लाइन चालू आहे." डबा खायला आम्हांला अर्धा तास मिळायचा. त्या अर्ध्या तासासाठी आम्ही पाच-सहा जणी घरून निघायचो, असं म्हटलं तरी चालेल. कारण डबा संपला, की आमची एक सीनियर ऑपरेटर टेबलावर बोटांनी ठेका धरून गायची. गाणी तिचीच, चालीही तिच्याच.

आम्ही तिला ताई म्हणायचो. ती रोज कामठीहून बसनं यायची. तिची आई विणकरांच्या घरी कांड्या भरायची. कांडी म्हणजे मागावर इकडून तिकडं धावणाऱ्या धोट्यात बसते ती सुताची नळी. ताईची गाणी त्याच घरातून आलेली होती. त्यात चंद्र नव्हता, विरहही नव्हता. चुलीपाशी वाळणारं सूत होतं, मागाच्या आवाजात ओरडून बोलायची सवय लागलेली माणसं होती. ती गाताना मात्र इतकं हळू गायची, की आम्हांला चमचे खाली ठेवावे लागत. मी तिची इतकी वेडी होते, की तिची सगळी गाणी ऐकून ऐकून शंभर पानी वहीत उतरवून घेतली होती.

एका वर्षी ऑफिसच्या स्नेहसंमेलनाला शहरातले एक नावाजलेले भावगीत गायक पाहुणे म्हणून आले. ताईनं दोन गाणी म्हटली. चहाच्या वेळी गायकांनी मला बाजूला घेतलं.

"अहो, यांची गाणी लिहिलेली मिळतील का? रेडिओवरच्या लोकांना दाखवतो. अशा बाईंना पुढं आणायला हवं."

मी हुरळले. ताईला न विचारता माझी वही पर्समधून काढून त्यांच्या हातात दिली. हे मी आज लिहिते आहे, पण पुढं वर्षभर मी हे कुणालाही सांगितलं नव्हतं.

दुसऱ्या वर्षी धंतोलीतल्या एका गणपतीत त्यांचा कार्यक्रम होता. आम्ही ताईला घेऊन गेलो. तिसरं गाणं सुरू झालं आणि मी ताईकडं पाहिलं. ताईच्या आईवरचं गाणं होतं ते. ताईचं धृपद असं होतं:

"कांडी संपली माये, धोटा थांबला नाही."

ते गात होते, "काडी संपली माये, वारा थांबला नाही." वर लोकांना समजावून सांगत होते, "काडी म्हणजे आयुष्य. क्षणभर पेटते आणि संपते. हे प्रतीक मला एकदा देवासमोर दिवा लावताना सुचलं." लोकांनी टाळ्या वाजवल्या. शब्द आणि संगीत कुणाचं, तेही त्यांनी सांगितलं. स्वतःचं.

मला लगेच कळलं. उतरवून घेताना माझ्याकडून कांडीवरचा अनुस्वार राहून गेला होता. धोटा त्यांना समजला नसावा, म्हणून तिथं वारा घातला. माझी चूक ते गावभर गात फिरत होते.

ताई उठली. "चाल वं, बस सुटन माझी."  बसस्टॉपवर मी रडतरडत सगळं सांगितलं. ती म्हणाली, "गाऊन राहिला तर गाऊ दे. त्याच्यानं माझी माय थोडीच बदलते?"

पण माझ्यानं गाऊ देववेना. ड्यूटीवर त्या गायकांचा मुंबईचा ट्रंक कॉल आला, की शेजारच्या बोर्डावरची माझी मैत्रीण म्हणायची, "टाकू का याचा कॉल रांगेत शेवटी?" ताई हेडफोन न काढता डोळे वटारायची. "लाइनशी बेइमानी करायची नाही." म्हणून आम्ही कॉल वेळेवर जोडायचो आणि मी दात खात त्यांचा आवाज ऐकायचे.

शेवटी हिवाळ्यातल्या एका रविवारी दुपारी आम्ही ताईची मैफल ठरवली. एकटी ताई, एक पेटी, दुसरं वाद्य नाही. त्या मैत्रिणीच्या वडिलांचं लकडगंजला लाकडाचं गोदाम होतं. वर एक लांबट खोली होती. रविवारी खालची लाकूड कापायची आरा मशीन बंद असायची. ताई खूश झाली. पाहुणे कोण येणार, ते मी तिला सांगितलं नाही.

गायकांच्या घरी मी स्वतः गेले. म्हटलं, "छोटीशी मैफल आहे. तुम्ही पाहुणे म्हणून यावं, अशी चाहत्यांची इच्छा आहे."

"गाणार कोण?"

"आमच्यातलीच एक. तुम्ही गाता त्यातलंही एक गाणं होईल."

ते हसले. यातलं एक अक्षरही खोटं नव्हतं.

चाळीसेक माणसं जमली. आमच्या ऑपरेटर मुली, त्यांची घरची माणसं, आणि ताईच्या गल्लीतल्या तीन म्हाताऱ्या, ज्यांनी तिच्या आईसोबत कांड्या भरल्या होत्या. सगळे सतरंजीवर. पाहुण्यांसाठी मी अगदी पुढं एकच खुर्ची ठेवली होती. ते रेशमी कुडता घालून आले आणि बसले. त्यांच्यामागं माणसं इतकी दाटीनं बसली, की दारापर्यंत जायचं तर सगळ्यांना उठवावं लागलं असतं. तेही मी ठरवूनच केलं होतं.

ताई आत आली. तिनं त्यांना पाहिलं, मग मला पाहिलं. मला वाटलं, परत जाईल. ती पेटीपाशी बसली आणि गाऊ लागली. पहिलं गाणं संपल्यावर टाळी पडली नाही. मागून कुणीतरी फक्त म्हणालं, "पुन्हा." तिनं पुन्हा म्हटलं. दुसऱ्या गाण्याला म्हाताऱ्या पदरानं डोळे पुसत होत्या.

मग मी उभी राहिले. "आता ताई तिच्या आईचं गाणं म्हणेल. त्यात 'काडी' असा शब्द आहे. त्याचा अर्थ पाहुण्यांनी सांगावा."

ते चपापले. पण चाळीस माणसं बघत होती. सवयीनं म्हणाले, "काडी म्हणजे... आपलं आयुष्यच. क्षणभर पेटतं..."

"काडी नाई गा बाबू," पुढची म्हातारी म्हणाली. "कांडी! धोट्यात बसते ते. जल्मभर आमी तेच भरली. पेटवून काहून राहिला?"

खोली हसली. मी हसले नाही. मी म्हटलं, "अनुस्वार माझ्या वहीत राहून गेला होता. ती वही तुमच्याकडं आहे."

हसू एकदम थांबलं. त्यांचे कान लाल झाले. ते उठू लागले, मागं पाहिलं, जागा नव्हती. परत बसले.

"झालं तुमचं?" ताईचा आवाज आला. "मले गायचं आहे."

तिनं सूर धरला. धृपदाला सगळी खोली तिच्यासोबत गाऊ लागली, ऑपरेटर मुली, म्हाताऱ्या, दारातला हमालसुद्धा. कांडी हा शब्द आला, की लोक मुद्दाम जोर देत. वहीत नसलेलं एक कडवं ताईनं शेवटी म्हटलं. ते ऐकून माणसं कितीतरी वेळ जागची हलली नाहीत, असं सगळे सांगतात. मला ते आठवत नाही. मी पूर्ण वेळ गायकांच्या चेहऱ्याकडं बघत होते.

मैफल संपल्यावर ताईनं मला जिन्यात गाठलं. "माझी मैफल होती वं ते. तुनं पंचायत बसवली." महिनाभर ती माझ्याशी कामापुरतंच बोलली. नंतर बोलू लागली, पण झालं ते बरोबर होतं, असं काही म्हणाली नाही. मीही माफी मागितली नाही.

गायकांनी ते गाणं नागपुरात पुन्हा म्हटल्याचं ऐकलं नाही. वही पोस्टानं आली, चिठ्ठीशिवाय. लकडगंजच्या त्या खोलीत ताईच्या मैफली मात्र पुढं कितीतरी हिवाळे झाल्या, आणि लोकांना बसायला जागा पुरेना.

खूप वर्षांनी एका लग्नात ते गायक मला दिसले. म्हातारे झाले होते. मला पाहताच त्यांनी मान वळवली आणि पंगतीच्या दुसऱ्या टोकाला जाऊन बसले. मी माझं पान सोडलं, बरोबर त्यांच्या समोरच्या पाटावर जाऊन बसले, आणि वाढणाऱ्याला म्हटलं, "जिलेबी घे इकडं." तीन खाल्ल्या, सावकाश.