काकांना आडवं कोणी केलं

तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात बसून आलेल्या माणसाला कोणी आजारी समजत नाही, हे मी बातम्या गोळा करता करता शिकलो होतो. रोज सकाळी अकराच्या सुमारास मी अपघात विभागाबाहेरच्या बाकावर बसत असे. कोण गाडीवरून पडलं, कोणाला बैलाने मारलं, कोणी औषध प्यालं, एवढं वहीत उतरवून घ्यायचं आणि निघायचं. त्या बाकावरून एक गोष्ट स्पष्ट दिसे. आपल्या पायांनी आलेला माणूस केसपेपरच्या रांगेत उभा राही, चौघांनी उचलून आणलेला थेट आत जाई. त्यामुळे आसपासच्या गावांतल्या जाणत्या मंडळींनी एक रीत पाडली होती: आजारी माणसाला फाटकापर्यंत बसवून आणायचं आणि फाटकात आडवं करायचं. ही युक्ती मीही लोकांना सांगत असे. पत्रकाराच्या ओळखीचा उपयोग काय, असं कोणी विचारलंच तर दाखवायला माझ्याकडे तेवढंच होतं.

एका वर्षी, तुरीच्या मळणीच्या दिवसांत, हा सल्ला मी माझ्या सख्ख्या काकांसाठी दिला.

काकांना दमा होता. डॉक्टरांनी दिलेला पंप कोनाड्यात, प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून ठेवलेला असे. रोज ओढला तर त्याची सवय लागते, असं त्यांचं मत होतं. तंबाखूबद्दल त्यांचं असं काही मत नव्हतं. त्या दिवशी ते सकाळपासून मळणीयंत्राच्या ज्या बाजूला भुसकट उडतं, नेमके त्याच बाजूला उभे होते. दुपारी दम लागला. पंप बाहेर काढला तेव्हा त्याची मुदत संपून वर्ष उलटलं होतं.

काकूंचा फोन आला तेव्हा मी बाकावरच होतो.

"तुझे काका लई धापा टाकायलेत. टेम्पोत घातलंय. आता काय करू?"

"बसलेत का?"

"बसलेत. दांडीला धरून, पुढं वाकून बसलेत."

"फाटकात आलात की आडवे करा आणि चौघं उचला. न्हाईतर रांगेत उभं करतील."

टेम्पो एका फळवाल्याचा होता. दिंद्रुडच्या बाजारातून उरलेले पेरू घेऊन परतताना त्याने काकांना उचललं होतं. मी बाकावरून उठून फाटकाशी गेलो होतो. तिथे आम्ही काकांचे पाय ओढून त्यांना फळीवर आडवं करू लागलो, तेव्हा तो म्हणाला, "आडवे कावून करता, भाई? माझ्या अम्मीलाबी हेच हाय. बसूनच दम घेऊ द्या त्यांना."

"तुमी पेरू बघा," मी म्हणालो.

काका हात हलवून नको म्हणत होते. ते आम्ही घाबरल्याचं लक्षण समजलो. चौघांनी उचललं. फाटक ते अपघात विभाग हे अंतर साधारण साठ पावलांचं आहे. तेवढ्यात त्यांचे ओठ जांभळट पडले. रांगेतल्या लोकांनी मात्र लगेच वाट दिली. युक्ती लागू पडली होती.

आत एकच सिस्टर होत्या. पन्नाशीच्या, गळ्यात दोरीला चष्मा. डॉक्टर बाळंतपणात अडकले होते. सिस्टरांनी काकांकडे एकदा पाहिलं.

"उठवा त्यांना."

"सिस्टर, पेशंट लई सिरीयस हाय," काकू म्हणाल्या.

"म्हणूनच उठवा."

पलंगाची पाठ वर करणारी कळ मोडलेली होती. त्यांनी काकांना पलंगाच्या कडेला पाय सोडून बसवलं, समोर टेबल ओढलं, त्यावर उशी ठेवली आणि काकांची कोपरं उशीवर टेकवली. सदऱ्याची बटणं सोडली. तोंडावर ऑक्सिजनचा मास्क चढवला. बोटाला लावायचं यंत्र आकडा दाखवेना, कारण बोटावर तंबाखूच्या चुन्याचा थर होता. स्पिरिटने बोट पुसल्यावर आकडा आला.

"किती आहे?" मी विचारलं.

"छापायचंय का?"

मी पेन खिशात ठेवलं.

"बाबा, जेवलात का?" त्यांनी काकांना विचारलं.

"सकाळी भाकर खाल्लीय त्यांनी, वरण..." काकू सांगू लागल्या.

"काकू, मी त्यांचा दम मोजतेय. तुमचा चांगला आहे."

काकांनी मास्कमधून एक शब्द काढला. "न्हाई." दुसऱ्या शब्दाला श्वास पुरला नाही. सिस्टरांनी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहत श्वास मोजले आणि वाफेतून औषध देणारं यंत्र सुरू केलं. काकांच्या छातीतून घरघर आणि बारीक शिट्टी ऐकू येत होती. ती खोलीच्या दारापर्यंत पोचत होती.

दहा मिनिटांनी ती थांबली.

"थांबली बघ घरघर," काकू मला म्हणाल्या. "उतार पडला." त्यांनी पदराने तोंड पुसलं. मीही वहीत वेळ लिहिली, एक वाजून बारा मिनिटं, आणि पुढे 'आराम' असा शब्द लिहिला.

सिस्टरांनी काकांच्या पाठीवर स्टेथोस्कोप लावला, दोन जागा बदलल्या आणि मान न वळवता दाराकडे हाक मारली. "सरांना बोलवा. बाळंतपण दुसऱ्या सिस्टरकडे द्या. आत्ता." मग दाबून श्वास द्यायची रबरी पिशवी त्यांनी काढली आणि उशाशी ठेवली. सुईत औषध ओढताना त्या आमच्याशी बोलल्या, तेही फक्त आम्ही वाटेत उभे होतो म्हणून.

"शिट्टी वाजायला हवा लागते. हवाच जात नाही, तर वाजणार काय? सरका."

काकांची मान खाली पडत होती. सिस्टर एका हाताने त्यांची हनुवटी धरून होत्या, दुसऱ्या हाताने शीर शोधत होत्या. डॉक्टर हातमोज्यांसह आले. जिल्ह्याला न्यायची गाडी तयार ठेवायला सांगितली. दोन इंजेक्शनं झाली, यंत्रात पुन्हा औषध भरलं. मी वहीतला 'आराम' खोडला. फाटकापासूनची साठ पावलं माझ्याच सांगण्यावरून झाली होती, आणि हे खोलीत काकूंनाही ठाऊक होतं. त्या माझ्याकडे बघत नव्हत्या.

एक वाजून एकतीस मिनिटांनी शिट्टी पुन्हा ऐकू आली.

"आली," सिस्टर म्हणाल्या.

काकूंनी रडायला सुरुवात केली. "परत लागला वो दम."

"रडायचं ते मघाशी होतं. आता चहा प्या."

दोनच्या सुमारास ओठांचा रंग परतला. गाडी नको, इथेच बघू, असं डॉक्टर म्हणाले. सिस्टर काकांसमोर वाकल्या. "बाबा, आता काहीतरी मोठं बोला. एका दमात."

काकांनी जरा तयारी केली.

"दारात मला आडवा कुण्या भाड्यानं पाडला?"

"सहा शब्द," सिस्टर म्हणाल्या आणि केसपेपरवर लिहून घेतलं. मग वर पाहिलं. "कोणी पाडलं?"

"ह्यानंच सांगितलतं फोनवर," काकू म्हणाल्या.

"तुम्ही? रोज बाकावर असता ते?"

"हो."

"काय बघता तिथं बसून?"

"रांग," मी म्हणालो. बचावासाठी तेवढंच होतं.

त्यांनी रागावण्यात वेळ घालवला नाही. काका थकले होते, बसल्या जागी एका बाजूला कलत होते, आणि मोडकी कळ काही दुरुस्त होणार नव्हती. "चढा पलंगावर," त्या मला म्हणाल्या. "पाठीला पाठ लावून बसा. त्यांना झोपू द्या, पण आडवं नाही."

मी चपला काढून चढलो. काकांनी पूर्ण भार टाकला, जरा जास्तच. त्यांच्या पाठीचा कणा माझ्या पाठीत रुतत होता आणि प्रत्येक श्वासाला मी थोडा पुढे ढकलला जात होतो. सुरुवातीला हे धक्के भरभर येत होते. नंतर दोन धक्क्यांमध्ये अंतर पडू लागलं. खिशातला फोन वाजला. कचेरीतून असणार, आज काय आहे म्हणून. हात पोचत नव्हता.

काका घोरू लागले तेव्हा सिस्टरांची पाळी संपत आली होती. नव्या सिस्टरला पेशंट समजावून सांगताना त्यांनी केसपेपर दाखवला, सलाईन दाखवलं आणि शेवटी माझ्याकडे बोट केलं.

"हा टेकू आहे. चार वाजेपर्यंत काढायचा नाही."

मी सव्वाचारपर्यंत बसलो.