घोट्याला एक फेरा जास्त

फायनल हरल्यावर लोक तुम्हाला विसरून जातात म्हणे. साफ खोटं! आमच्या सोसायटीचा वॉचमनसुद्धा महिनाभर मला बघितलं की म्हणायचा, "मॅडम, ते दोन गेले असते तर..." ते दोन म्हणजे दोन फ्री थ्रो. सामना संपायला चार सेकंद, आम्ही एका गुणाने मागे. अडवायला समोर कोणी नाही, निवांत उभं राहून चेंडू बास्केटमध्ये टाकायचा. एक पडला असता तर बरोबरी, दोन्ही पडले असते तर ट्रॉफी नाशिकला. दोन्ही रिंगला आपटून बाहेर आले. टाकणारी मी, टीमची कॅप्टन.

टीमचे मालक पिंपळगाव बसवंतचे द्राक्ष निर्यातदार. बायकांच्या बास्केटबॉल लीगमध्ये टीम विकत घ्यायचं त्यांना कोणी सुचवलं देव जाणे, पण घेतली आणि हौसेने चालवली. हरल्यावर ते आमच्यावर ओरडले नाहीत. एवढंच म्हणाले, "माल एक नंबर होता, फक्त कंटेनर वेळेत लागला नाही." सगळ्या मुली हसल्या. मला काही हसू आलं नाही. कंटेनर मीच होते ना.

पुढच्या हंगामाच्या पहिल्या सरावाला कोच सर एका मुलीला घेऊन आले. वीस वर्षांची, हरसूलकडची, आश्रमशाळेत खो-खो खेळत वाढलेली. बास्केटबॉल हातात घेऊन तिला धड चार वर्षंही झाली नव्हती. अंगाने काटकुळी, केसांची घट्ट वेणी, आणि पळायला लागली की बाकीच्यांनी मागून नुसतं बघत राहायचं. सर माझ्याकडे वळून म्हणाले, "ही तुझ्या जागेवर खेळते. जरा तयार कर हिला."

माझी जागा म्हणजे पॉइंट गार्ड. चेंडू पुढे न्यायचा आणि कोणी कुठे जायचं ते ठरवायचं. नऊ वर्षं मी ती जागा अडवून बसले होते. मी तेहेतीस वर्षांची, एका गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं, घरी दुसरीतली मुलगी, सकाळी सराव करून शाळेत पीटीची बाई म्हणून हजर. एवढं सगळं करून टिकवलेल्या जागेवर ही बाई आयती येऊन बसणार! आयत्या बिळावर नागोबा म्हणतात तो हाच. आणि वर मीच तिला तयार करायची.

तयार केली. नाही कशाला म्हणू? पण हातचं राखून केली. चेंडू कसा लपवायचा ते शिकवलं, पण समोरच्या मुलीच्या खांद्यावरून ती कुठे वळणार हे कसं ओळखायचं ते काही सांगितलं नाही. पंधरा दिवसांत ते तिचं तिलाच कळलं. मला कळायला चार वर्षं लागली होती. त्या दिवशी मी घरी जाऊन विनाकारण नवऱ्याशी भांडले. डाळीत मीठ जास्त झालंय एवढंच तो म्हणाला होता.

चौथ्या सामन्यापासून ती पहिल्या पाचात आणि मी बाकावर. कॅप्टन मीच होते, म्हणजे सामन्याआधी पंचांशी आणि पाहुण्यांशी हात मिळवायचा, मग येऊन खुर्चीत बसायचं. दर सामन्यात चार-पाच मिनिटं मिळायची, तीही ती दमली तर. ती मेली दमायचीच नाही. टीम जिंकत होती आणि मी टाळ्या वाजवत होते. लोकांना वाटायचं, काय खेळाडूवृत्ती आहे. मी मनात देवाला म्हणत असायचे, एकदा, फक्त एकदा हिच्या हातून चेंडू सुटू दे.

वाईट वागली असती तर बरं झालं असतं. निदान भांडता आलं असतं. पण ती सारखी "ताई, ताई" करत मागे. पाण्याची बाटली पहिली मला द्यायची. रविवारी सराव झाला की सगळ्या मिसळ खायला जायच्या, तेव्हा माझ्या मुलीला शेजारी बसवून आपला पापड तिच्या ताटात ठेवायची. आणि माझी मुलगी! जिला मी नऊ महिने पोटात वाढवली, ती घरी येऊन पाठीला उशीचा अभ्रा बांधून त्यावर स्केचपेनने त्या बाईचा नंबर लिहून हॉलभर पळायची. मी एकदा म्हटलं, "अगं, आईचा नंबर लिही ना." ती म्हणाली, "तू खेळतेस कुठे?" लहान पोर, खरं तेच बोललं. पण माझ्या जिवाला असं काही लागलं की मी स्वयंपाकघरात जाऊन उगाच भांडी आदळली.

आता पट्टीचं सांगायला हवं. आमच्या टीमला फिजिओ नव्हता. मालक दर वर्षी "पुढच्या हंगामाला बघू" म्हणायचे. त्यामुळे सामन्याआधी सगळ्यांच्या घोट्यांना पांढरी चिकटपट्टी मीच बांधायची. पाय मुरगळू नये म्हणून बांधतात ती. पाय काटकोनात धरायचा, टाचेभोवती फिरवून घोट्यावर आठाचे फेरे घ्यायचे. सैल राहिली तर उपयोग नाही, आवळली तर रक्त थांबतं. म्हणून शेवटी पायाच्या अंगठ्याचं नख दाबून सोडायचं. पांढरं झालेलं नख लगेच परत गुलाबी झालं की बांधणी बरोबर. दुसऱ्या कोणाचा हात मुलींना चालत नसे, आणि ह्याचा मला अभिमान होता. बाकावर बसले तरी माझ्या हाताशिवाय कोणी मैदानात उतरत नाही, असं मी मनाला समजवायचे.

म्हणजे जिने माझी जागा घेतली, तिचा पाय दर सामन्याआधी माझ्या मांडीवर. वा रे नशीब!

सेमीफायनल नाशिकलाच होती. समोर तीच टीम, जिने आदल्या वर्षी आम्हाला हरवलं. नवरा मुलीला घेऊन आला होता. तिने मला कधी खेळताना बघितलंच नव्हतं, आधी लहान होती आणि ह्या हंगामात मी बाकावर. मी दोन दिवस आधीपासून सरांच्या मागे लागले होते, मला पहिल्या पाचात घ्या, एक सामना फक्त. सर म्हणाले, "बाई गं, भावनेवर टीम लागत नाही." बरोबरच होतं त्यांचं. म्हणूनच जास्त राग आला.

ती पट्टीला येऊन बसली. पाय मांडीवर ठेवला आणि म्हणाली, "ताई, आज लय भीती वाटं." फेरे घेताना डोक्यात एकच येत होतं. ही सैल राहिली आणि हिचा पाय मुरगळला, तर मी उतरणार. खरं सांगते, हा विचार आला. आणि आला म्हणूनच माझी मी घाबरले, हात आपोआप आवळून फिरायला लागला, वर एक फेरा जास्त घेतला. तो फेरा भीतीचा होता की रागाचा, मला आजही सांगता येणार नाही. नख दाबून बघायचं राहिलं. राहिलं कसलं, मी बघितलं नाही. "झालं, ऊठ," म्हटलं आणि पुढचीचा पाय घेतला.

पहिल्या दोन क्वार्टरमध्ये तिचं काहीतरी बिनसलंय हे आंधळ्यालाही दिसलं असतं. उजवा पाय उचलून टाकत होती. हाफटाइमला आम्ही सहा गुणांनी मागे. ती सरांना म्हणाली, "सर, पाय बधीर झालाय. ताईला उतरवा." सरांनी विचारलं, मुरगळला का? ती नाही म्हणाली.

कशाने बधीर झालाय ते मला माहीत होतं. कात्री माझ्या बॅगेत होती, बॅग माझ्या पायाशी. एक कात्री मारायची, दोन मिनिटं पाय चोळायचा, संपलं. मी वाकले, बुटाची नाडी घट्ट केली आणि मैदानात गेले.

तिसऱ्या क्वार्टरच्या त्या दहा मिनिटांत मी जे खेळले ना, तसं आयुष्यात खेळले नसेन. गुडघा दुखायचं विसरला. चार बास्केट माझ्या, आणि जिला चेंडू दिला तिने टाकलाच. सहाने मागे होतो ते चारने पुढे गेलो. वर माझी मुलगी खुर्चीवर उभी राहून "माझी आई! ती माझी आई!" असं शेजारच्या अनोळखी माणसाला सांगत होती. मला मैदानातून ऐकू येत होतं. मधूनच बाकाकडे नजर जायची. ती वाकून पायाची बोटं चोळत बसली होती. मी नजर वळवली.

आता इथे मला चांगलं म्हणवून घ्यायचं असतं तर सांगितलं असतं की माझं मन मला खाऊ लागलं. तसं काही झालं नाही. झालं असं की मी दमले. चौथ्या क्वार्टरमध्ये पोटऱ्यांत गोळे आले, श्वास पुरेना, लागोपाठ दोनदा समोरच्या पोरीने माझ्या हातातून चेंडू काढून नेला. चारची आघाडी एकवर आली. परत शेवटच्या सेकंदाला मीच उभी असणार, परत सगळे माझ्याकडे बघणार. माझी टरकली. सरांनी टाइमआउट घेतल्यावर मी बॅग उघडली, तिच्या समोर गुडघ्यावर बसले आणि पट्टी टराटरा कापून काढली. कातडीवर फेऱ्यांचे वळ उमटले होते. पाय चोळला, सैलसे दोन फेरे दिले आणि सरांना म्हटलं, "हिला घ्या. मी बसते."

ती गेली आणि चार मिनिटांत सामना संपवून आली. आम्ही सात गुणांनी जिंकलो.

मग जो काही कौतुकाचा पाऊस पडला, विचारू नका. सर सगळ्यांसमोर म्हणाले, कॅप्टन असावी तर अशी, रंगात आलेला खेळ सोडून धाकटीला जागा दिली. मालकांनी हार घातला. दुसऱ्या दिवशी गावच्या पेपरात आलं की मोठ्या मनाच्या कॅप्टनने टीमला फायनलमध्ये नेलं. सासूबाईंनी ते कात्रण फ्रिजवर लावलं. मी "छे हो, त्यात काय" म्हणत राहिले, आणि ते विनय म्हणून आणखी खपलं. चोर तो चोर आणि वर शिरजोर.

फायनल आम्ही परत हरलो. ह्या वेळी चांगले पंधरा गुणांनी, कोणावर खापर फोडायला जागाच नाही. परतीच्या वाटेवर सकाळी बस पिंपळगावला मालकांच्या पॅकहाउसपाशी थांबली. आत बायका डोक्याला टोप्या घालून द्राक्षांचे घड पेट्यांत भरत होत्या, आम्हाला तिथेच पोहे आणि चहा. ती बाहेर एकटीच क्रेटवर बसली होती. मी शेजारी जाऊन बसले. आठवडाभर पोटात ठेवलेलं आता ठेववत नव्हतं.

म्हटलं, "त्या दिवशी तुझा पाय माझ्यामुळे बधीर झाला. पट्टी मी आवळली होती. हाफटाइमलाच मला कळलं होतं. तरी मी कापली नाही. मला खेळायचं होतं."

ती चहा फुंकत म्हणाली, "माहीत हाय ताई."

"काय माहीत आहे?"

"पट्टी आवळली ते. पहिल्या पाच मिनिटांतच कळलं व्हतं. दातानं तोडून टाकली असती मी, त्यात काय हाय? शाळेत काटासुद्धा दातानंच काढायचो."

"मग तोडली का नाही?"

"तुमची पोरगी आली व्हती ना. सामन्याच्या आधी येऊन मला म्हणली, माझ्या आईला थोडा वेळ खेळू देशील का गं? थोडासाच." तिने मान खाली घातली. "मी कशी नाय म्हणू? सरांना नुसतं सांगितलं असतं, ताईला घ्या, तर त्यांनी ऐकलं नसतं. म्हणून म्हणलं, पाय बधीर झालाय. झालाच व्हता तसा, खोटं नाय बोलले."

मला वाटलं होतं ती चिडेल. दोन शब्द बोलेल, अबोला धरेल, मग मीही रडेन आणि फिटंफाट होईल. ती उठली, माझ्या हातातला रिकामा कप घेतला आणि "ताई, अजून चहा आणू?" असं विचारून आत गेली.

वर्षभर मी त्या मुलीच्या पायांवर जळले, तिच्या दमावर, तिच्या वयावर जळले. पण ती चहा आणायला गेली तेव्हा तिचा जो हेवा वाटला, तेवढा तिच्या खेळाचा कधीच वाटला नव्हता.