आधी निघते, माफ करा

जपानवर इतकं मनापासून चिडलेलं माणूस अख्ख्या ऑस्ट्रेलियात दुसरं नसेल, हे मी खात्रीने सांगते. एरवी खात्रीने बोलायची मला सवय नाही. आमच्या घरात कॉलेजात गेलेली मी पहिलीच, त्यामुळे तोंड उघडण्याआधी दोनदा अडखळते. पण मेलबर्नच्या टार्निट उपनगरातल्या आमच्या भाड्याच्या घरात पुढची खोली जपानवाल्या ताईंची होती आणि त्यांच्या रागाबद्दल मला तिळमात्र शंका नाही. ताई मूळच्या सांगलीच्या. जपानच्या सरकारी शाळांत त्यांनी बरीच वर्षं इंग्रजी शिकवलं, आणि इथे मेलबर्नच्या एका शाळेत वर्षावर्षाच्या करारावर त्या जपानी शिकवत होत्या. मी इथल्या विद्यापीठात, म्हणजे युनीत, शिक्षिका व्हायचं शिकतेय, म्हणून त्यांच्या रागाचा मोठा वाटा माझ्याकडे यायचा.

"अगं, तिथं मास्तर म्हणजे शाळेचं कपाट," त्या कणीक मळता मळता म्हणायच्या. "काही वर्षं झाली की उचल, दुसऱ्या शाळेत नेऊन ठेव. गणित छान शिकवतो? उचल. पोरं जीव टाकतात? मग तर आधी उचल!" प्रत्येक 'उचल'ला कणकेला एक बुक्की बसायची. त्या दिवशी पोळ्या फार मऊ व्हायच्या.

गंमत अशी, की ज्या रीतींना त्या शिव्या घालायच्या त्याच त्यांच्या अंगात मुरल्या होत्या. शाळेच्या आत घालायच्या वेगळ्या चपला त्या पिशवीतून न्यायच्या. "तिथं सुट्टी घेतली की स्टाफरूमभर खाऊ वाटायचा, जणू गुन्हाच केला!" असं त्या तणतणायच्या, आणि बेंडिगोला एक रविवार फिरून आल्या की प्रत्येकाच्या टेबलावर एकेक बिस्कीट ठेवायच्या. पीटीच्या सरांनी एकदा विचारलं, वाढदिवस कुणाचा? ताई दोन दिवस त्यांच्याशी बोलल्या नाहीत. तसंच घरी निघण्याचं. जपानमध्ये इतर लोक काम करत असताना आपण उठायचं तर "तुमच्याआधी निघते, माफ करा" म्हणायचं, आणि बाकीच्यांनी उलट म्हणायचं, "दमलात हो." ताई इथेही रोज दारात उभं राहून माफी मागायच्या. पीटीचे सर मान वर न करता म्हणायचे, "नो वरीज, मेट."

"नो वरीज काय? मी इथं दिवसभर राबले!" हा संताप घरापर्यंत टिकायचा. शेवटी त्यांनी आम्हालाच शिकवलं. आमची तिसरी भाडेकरू हरप्रीत शिफ्टला निघताना ओरडायची, "दीदी, पहले निकल रही हूँ, माफ करना!"

पण खरा राग वेगळाच होता. तिथे बदलीची बातमी मुख्याध्यापक खोलीत बोलावून सांगायचे, आणि जाहीर होईपर्यंत तोंड बंद ठेवायचं. एका मुलीने ताईंना विचारलं होतं, "पुढच्या वर्षी तुम्हीच ना?" ताई हो म्हणाल्या. मग निरोप समारंभात त्याच मुलीला फुलं द्यायला उभं केलं. "फुलं दिली गं तिनं. पण वर बघितलं नाही."

गेल्या डिसेंबरात, इथलं शाळेचं वर्ष संपता संपता, ताईंच्या इथल्या मुख्याध्यापिकेने त्यांना बोलावलं. पुढच्या वर्षी जपानी विषय बंद, करार संपला. मुलांना काही सांगू नका, आम्ही जानेवारीत पालकांना ईमेल करू. त्या दिवशी कणीक मळली गेली नाही. ताई दारासमोर गाडीतच बसून राहिल्या. मी बाहेर गेले तर म्हणाल्या, "इथं तर फुलंसुद्धा नाहीत."

मला इतका राग आला की मी अडखळलेच नाही. आमच्या युनीत सेमिस्टरभर घोकून घेतात, मुलांशी नातं हाच शिकवण्याचा पाया. आणि त्या नात्याचा निरोप सुट्टीत, ईमेलने! "ताई, तुम्ही सांगूनच टाका."

"आणि रेफरन्स कोण देईल, तू? त्याच्याशिवाय मला इथं दुसरी शाळा दारात उभी करेल का?"



शेवटच्या दिवशी सातवीच्या वर्गात जेडन नावाच्या मुलाने विचारलं, "मिस, नेक्स्ट इयर पण सुशी डे आहे ना?" वर्षभरात एक जपानी शब्द धड पाठ न केलेला हा मुलगा. ताईंनी खडू ठेवला आणि सांगितलं, "मी नसेन. तुमच्याआधी निघतेय. माफ करा." मग जेडनच उठला आणि जपानीत म्हणाला, दमलात हो.

"वर्षभर घसा फोडला," घरी आल्यावर ताई कडाडल्या, "आणि मेल्याला आज आठवलं! तेही उच्चार चुकीचा!" मग ओट्याकडे तोंड करून बराच वेळ कणीक मळत राहिल्या.

रेफरन्स मिळाला नाही. एका जुन्या सहकाऱ्याच्या शब्दावर ताईंना खूप आत, एका छोट्या गावात काम मिळालं. पुढच्या खोलीत आता पुण्याचा एक आयटीवाला राहतो. तो काही न बोलता निघून जातो.

मी सध्या एका शाळेत शिकवण्याच्या सरावाला, म्हणजे प्लेसमेंटला आहे. दुपारी निघताना स्टाफरूमच्या दारात थांबते आणि जमेल तसं म्हणते, आधी निघते, माफ करा. कुणीतरी म्हणतं, "नो वरीज." मला ताईंसारखाच राग येतो. तरी मी जराशी थांबते, दुसरं काही ऐकू येतंय का म्हणून.