गौरकारबाईंचा अर्धा ग्लास

दवाखान्यात नोकरी केलेली चार माणसं एकत्र बसली की किस्से काही संपत नाहीत. एक सांगून होत नाही तोच दुसऱ्याला तिसरा आठवतो, आणि चहा गार होऊन जातो. आम्ही चौघं माजरीच्या खाणीच्या दवाखान्यातून निवृत्त झालो, तेव्हा ऑपरेशन थिएटरचे, डिलिव्हरीचे, संपातले असे किस्से पोतंभर होते. पण हल्ली आमच्यात कोणी ते काढत नाही. हल्ली सगळे जहाजाचेच किस्से सांगतात. आणि जहाजाचे म्हणजे गौरकारबाईंचे.

आधी माणसं सांगते. मी सुनंदा, लॅबमध्ये होते. रक्त तपासायचं, लघवी तपासायची, रिपोर्ट लिहायचा. देवगडेभाऊ औषधं देणारे, आता गडचिरोलीत घर बांधून राहतात. पेंदामभाऊ अँब्युलन्सचे ड्रायव्हर. आणि गौरकारबाई आमच्या वॉर्डच्या सिस्टर. डॉक्टर बदलत गेले, पण वॉर्ड बाईंचाच राहिला.

बाईंची दुसरी ओळख जिल्ह्याला आहे. दारूबंदीसाठी बाया रस्त्यावर उतरल्या तेव्हा माजरी-भद्रावतीच्या बायांच्या पुढं ह्या होत्या. दारुड्या नवऱ्यांनी फोडलेली ज्यांची डोकी रात्री शिवायची, त्याच बायांना घेऊन सकाळी तहसीलवर जायचं. बंदी आली तेव्हा पेढे वाटले, आणि उठली तेव्हा दोन दिवस कोणाशी बोलल्या नाहीत.

तर अशा ह्या बाई. चौघांनी मिळून मुंबई-गोवा-कोची असा जहाजाचा प्रवास ठरवला. पावसाळ्याच्या तोंडावर तिकीट स्वस्त मिळत होतं. बल्लारपूरहून येणाऱ्या गाडीत वरोऱ्याला आम्ही बसलो. पुरी-भाजीचा डबा उघडला, आणि बाई अगदी सहज म्हणाल्या, "मले जहाजावर वाईन पेऊन पाह्यची हाय."

देवगडेभाऊंच्या हातातली पुरी हातातच राहिली.

"बाई, तुमी?"

"मी. पण सोताले लुटू द्यायचं नाई. परवडन तेवढीच."

*

जहाजावर पहिल्या संध्याकाळी जेवायला बसलो. पांढराशुभ्र टेबलक्लॉथ, समोर समुद्र. वेटरनं वाईनचं कार्ड दिलं. बाईंनी चष्मा लावून वाचलं, चष्मा काढला, पुसला आणि परत वाचलं. एका ग्लासाच्या पैशात आमच्याकडं आठवड्याचा बाजार झाला असता.

कार्ड मिटून त्यांनी आधी वेटरकडं नाही, पेंदामभाऊंकडं पाहिलं. पेंदामभाऊंनी दारू सोडून बरीच वर्षं झाली. कशी सोडली ते आम्हाला माहीत आहे. आमच्याच वॉर्डात सोडली, बाईंच्या देखरेखीत.

"पेंदामभाऊ," बाई म्हणाल्या, "तुमच्यासमोर पेले तर तरास होईन का? नाई म्हणा, मी आत्ताच हे कार्ड वापस देतो. मनात काई ठेवू नका."

पेंदामभाऊंनी विचार केला. हा माणूस उत्तर द्यायला वेळ घेतो.

"तुमी प्या बाई," ते म्हणाले. "मी शुद्धीवर राह्यतो. कोणालेतरी गाडी चालवाव लागन ना."

चारी बाजूंनी समुद्र. तरी त्या वाक्यानं टेबलावर सगळ्यांनाच बरं वाटलं. माझं म्हणाल तर मी पंचशील घेतलेलं. माझ्यापुढं लिंबूपाणी आलं, पेंदामभाऊंपुढंही तेच आलं.

*

आता परवडायचं कसं? बाईंनी वेटरलाच विचारलं. पोरगा नेपाळचा होता, बोलायचा हिंदीत, पण मराठी त्याला समजायची. बाई म्हणाल्या, "बेटा, तुझी आई आली असती तर तिला काय सांगितलं असतं?"

तो आधी लाजला. मग हळूच म्हणाला, "आंटी, ग्लास मत लो. बोतल लो. जितना पीना है पिओ, बाकी हम ढक्कन लगाके आपके कमरे का नंबर लिखके रख देंगे. कल फिर वही बोतल आएगी."

देवगडेभाऊंनी मनातल्या मनात हिशेब केला आणि मान डोलावली. ग्लासागणिक जवळपास निम्म्यानं पडत होती. बाई आणि ते, दोघांत एक बाटली, रोज अर्धा-अर्धा ग्लास, आणि प्रवास संपेपर्यंत पुरेल.

बाटली आली. वेटर ओतायला वाकला तर देवगडेभाऊंनी ती त्याच्या हातातून घेतली. जन्मभर औषधं दिलेला माणूस. हाताला जी सवय तीच. त्यांनी बाटली उभी धरली आणि चांगली खळखळून हलवली.

वेटरनं डोळेच मिटले.

"भाऊ," बाई शांतपणे म्हणाल्या, "ते खोकल्याचं नाई."

*

दुसऱ्या दिवशी दुपारी वाईन चाखायचा कार्यक्रम होता. तिकीट लावून. मला ते खर्चिक वाटलं, पण बाईंनी नीट विचारपूस केली. पाच प्रकारची वाईन घोट-घोट, सोबत चीज, बिस्किटं, आणि सगळं मिळून कार्डावरच्या एका चांगल्या ग्लासापेक्षा कमी. बाई गेल्या आणि मला सोबत नेलं. माझ्या वाट्याला चीज.

शिकवणारा तरुण मुलगा फार गोड बोलणारा. ग्लास फिरवा, नाक आत घाला, डोळे मिटा, काय आठवतं ते सांगा, म्हणाला. कोणी व्हॅनिला म्हणालं. कोणी ओली माती. एक गृहस्थ म्हणाले, जुनं चामडं. बाईंची पाळी आली. त्यांनी नाक घातलं, बराच वेळ डोळे मिटले.

"ड्रेसिंग रूम," त्या म्हणाल्या.

मुलाला कळलं नाही. मी समजावलं की जखमा बांधायची खोली, टिंक्चरचा वास. सगळे हसले. त्यात बाईही हसल्या. मुलगा म्हणाला, "मॅडम, वासाला चूक-बरोबर नसतं. तुम्हाला तुमचं आयुष्य आठवलं."

 पुढचे चारही ग्लास बाईंनी फार मन लावून चाखले. शेवटी मुलानं विचारलं, सगळ्यात कोणती आवडली? बाईंनी तिसऱ्या ग्लासाकडं बोट केलं.

"ही आपल्याकडची सगळ्यात स्वस्त," मुलगा जरा ओशाळून म्हणाला.

"असंनच," बाई म्हणाल्या. "माही जीभ पगार पाहूनच चालते."

*

गोव्यात जहाज थांबलं, आम्ही खाली उतरलो. किनाऱ्यावरच्या एका साध्या खानावळीत मासे खाल्ले. तिथं वाईनचा ग्लास जहाजाच्या मानानं मातीमोल होता. बाईंनी आणि देवगडेभाऊंनी एकेक घेतला. उतरायचं, गावातलं खायचं, गावातलं प्यायचं आणि वर जायचं, हीच सगळ्यात स्वस्त युक्ती असं बाईंनी जाहीर केलं.

देवगडेभाऊंचं मात्र तेवढ्यावर भागेना. त्यांच्या गडचिरोलीत अजून बंदी, त्यामुळं त्यांची तहान बाईंपेक्षा जुनी. जवळच्या दुकानातून त्यांनी एक बाटली घेतली आणि खानावळीच्या मोरीपाशी उभं राहून पाण्याच्या आपल्या रिकाम्या काळ्या बाटलीत ओतायला लागले. जहाजावर बाहेरची बाटली नेऊ देत नाहीत, दारातच काढून ठेवतात.

बाईंनी पाहिलं. "हे काय करून राह्यले?"

"बाई, काळ्या बाटलीत कोणाले काय दिसते? सरबत हाय म्हणू."

"देवगडेभाऊ, बंदीत दुधाच्या कॅनमधून दारू येत होती. कोण पकडून देत होतं?"

"तुमी."

"शाळेच्या दप्तरातून येत होती. कोण पकडून देत होतं?"

"तुमीच बाई."

"मंग आता मले चोरट्यासंग त्या दारात उभं करता काय?"

देवगडेभाऊंनी बाटली परत भरली. जहाजाच्या दारात ती नीट दाखवली, पावती घेतली. तिथल्या सुरक्षा रक्षकानं कौतुकानं म्हटलं, "साब, आप पहले आदमी हो जो खुद बता रहे हो." देवगडेभाऊंनी बाईंकडं असं पाहिलं की जणू कल्पना त्यांचीच होती.

*

त्याच संध्याकाळी देवगडेभाऊंनी सूड घेतला. आम्हाला न सांगता त्यांनी वेटरला सांगून ठेवलं, आज गौरकार मॅडमचा वाढदिवस. कोणीतरी त्यांना सांगितलं होतं की वाढदिवसाला जहाजाकडून केक आणि एक ग्लास फुकट मिळतो.

जेवण निम्म्यावर आलं आणि सात-आठ वेटर टाळ्या वाजवत आले. मेणबत्ती लावलेला केक, फेसाळणारा ग्लास, गाणं. आजूबाजूची सगळी टेबलं उभी राहिली. मी घाबरले. खोट्यावरून बाईंनी वॉर्डात भल्याभल्यांना उभं केलेलं मी पाहिलेलं आहे.

गाणं संपल्यावर बाई वेटरला म्हणाल्या, "बेटा, आज माझा वाढदिवस आहे असं मला वाटत नाही."

पोराचा चेहरा उतरला. "तो कब है आंटी?"

बाईंनी खरोखरच आठवून पाहिलं. "शाळेत मास्तरानं एक जून लावली. सगळ्याच पोराईले लावली. मायले विचारलं तर ती म्हणे, पेरणीची धांदल चालू होती तेव्हा झाली तू." त्यांनी केकवरच्या मेणबत्तीकडं पाहिलं. "म्हंजे आज नसंनच, असं बी कोणी सांगू शकत नाई."

आणि मेणबत्ती विझवली. केकचा पहिला तुकडा वेटरला भरवला. तो पोरगा नंतर मला म्हणाला, घर सोडल्यापासून कोणी त्याला हातानं भरवलं नव्हतं.

*

शेवटच्या संध्याकाळची गोष्ट जरा वेगळी. आमच्या बाटलीत तळाशी थोडीच उरली होती. बाईंनी आपला अर्धा ग्लास घेतला आणि सावकाश, एकेक घास खात प्यायला लागल्या. मला म्हणाल्या, "सुनंदा, इतके लोक पेऊन राह्यले, आन् ताटं जागच्या जागी हायेत, कोणं फेकली नाई. मी हेच पाहाले आलो होतो."

शेजारच्या टेबलावर एक जोडपं होतं, पन्नाशीचं, कुठल्यातरी मोठ्या शहरातलं. नवऱ्याचा चौथा-पाचवा ग्लास चालू होता. बायको खालच्या आवाजात काहीतरी म्हणाली, बहुतेक आता पुरे, असंच. तो एकदम उठला. खुर्ची मागं पडली. ओरडला आणि हात उगारला.

आम्ही सगळे बसलेल्या जागी थिजलो. बाई उठल्या. घाई नाही, गडबड नाही. राऊंडला निघाल्यासारख्या चार पावलं गेल्या आणि तो उगारलेला हात मनगटाला धरला. दुसऱ्या हातावरचं घड्याळ डोळ्यांसमोर आणलं.

"काय करता? सोडा," तो म्हणाला.

"बोलू नका. नाडी मोजते आहे."

आणि तो माणूस गप्प उभा राहिला. का ते मला अजून सांगता येत नाही. बाईंच्या आवाजानं वॉर्डातले खाणकामगारही असेच गप्प व्हायचे. पूर्ण एक मिनिट बाई घड्याळाकडं पाहत होत्या आणि सगळा डायनिंग हॉल बाईंकडं.

"फार पळते आहे," त्या म्हणाल्या. "बसा. पाणी प्या. आता दुसरं काही प्यायचं नाही."

तो बसला. पाणी प्यायला. पेंदामभाऊ केव्हा बाईंच्या मागं येऊन उभे राहिले होते, कोणाला कळलं नाही. त्यांनी त्या माणसाला कोपराला धरून उठवलं आणि बोलत बोलत हळूहळू त्याच्या खोलीकडं नेलं.

त्याची बायको जागेवरून उठली. तिनं बाईंचा हात धरला. "तुम्ही डॉक्टर आहात?"

"नाही बाई," गौरकारबाई म्हणाल्या. "आम्ही माजरीचे."

त्या बाईला त्यांनी आमच्या टेबलावर आणून बसवलं, जेवू घातलं. आपला उरलेला ग्लास मात्र त्यांनी बाजूला सारला.

*

परत आलो. देवगडेभाऊंनी फोटो काढलेले होतेच. त्यातला एक त्यांनी सगळ्यांना दिसेल असा मोबाइलवर लावला. पांढरं टेबल, लाल ग्लास, आणि ग्लासामागं गौरकारबाई. दोन दिवसांत तो अख्ख्या माजरीत फिरला.

तिसऱ्या दिवशी मी बाईंकडं बसले होते, तेव्हा फाटकातून दहा-बारा बाया आल्या. मोर्च्यातल्या. पुढं तानाबाई, सगळ्यात म्हातारी. तिच्या भुवईवरची खूण बाईंनीच शिवलेली. बाईंनी सतरंजी अंथरली. कोणी बसलं नाही.

"फोटो खरा हाय का बाई?" एकीनं विचारलं.

"खरा हाय. रोज अर्धा ग्लास, जेवताना."

"आमच्यासंग तहसीलवर होत्या तुमी."

"होतो. उद्या जाल तर उद्याबी येतो."

 एक तरुण बाई रागानं दुसरीकडं पाहत उभी होती. मग तानाबाई बोलली.

"तिथी माणसं बी पेत होते?"

"होते."

"बायकापोराईसमोर?"

"हो."

"मारलं कोणं?"

"एकानं हात उचलला."

"मंग?"

"मी उठलो. धरला."

तानाबाई जरा जवळ आली. बाईंना खालपासून वरपर्यंत पाहिलं.

"पेल्या होत्या तवा?"

"पेली होती. थोडी."

"आन् धरला?"

"धरला."

तानाबाईनं मागं वळून बाकीच्या बायांकडं पाहिलं.  त्या रागावलेल्या तरुण बाईनंही आता तोंड इकडं वळवलं होतं. मग तानाबाई गुडघ्यावर हात ठेवून सावकाश सतरंजीवर बसली.

"चाय मांडा ना बाई," ती म्हणाली. "आमी काय उभ्याउभ्याच जाव?"