दूध तोडलं त्या दिवशी

लेक माहेरी आली की तोंडाला कोरफडीचा गर चोळत बसते, आणि त्या हिरवट, उग्र वासानं मला शहाण्णव सालची इस्लामपूरकडची आमची पडवी आठवते. "दोन वर्साची घोडी झाली, अजून लोंबकाळतीया. उसात भांगलायला कोण जाणार?" असं म्हणत सासूबाईंनी परड्यातली कोरफड चिरून माझ्या हातात दिली. "लाव. चार दिस रडंल, मग इसरंल." मी लावली आणि पोरीला पदराखाली घेतलं. ती तोंड वाकडं करून थुंकली, तशी पडवीतली सगळी माणसं हसली. मग तिनं फ्रॉकच्या टोकानं मला हळूच पुसलं, फुंकर घातली, "आये, बाऊ?" असं विचारलं आणि पुन्हा तोंड लावलं. तिसऱ्यांदा मात्र ती आलीच नाही. लांबूनच माझ्याकडं बघून "थू" म्हणाली. सगळ्यांनी टाळ्या पिटल्या. मीही पिटल्या, झंपर दुधानं भिजत होता तरी. परवा मांडीवरच्या लेकराला पाजताना तिनं सहज विचारलं, "आई, मी अंगावरचं कसं सोडलं गं?" "तुझं तूच सोडलंस," मी म्हणाले.