डहाळा नसलेलं दार

बद्रीनाथनं साठ वर्षं एक प्रश्न पोटात ठेवला होता. धाकटी बहीण रत्नमाला अंथरुणाला खिळली, तसा तो लासूर स्टेशनला येऊन तिच्या उशाशी बसला. आज विचारायचंच होतं.

काय रुबाब होता त्याचा त्या काळी! शहराचं नाव तेव्हा औरंगाबाद. सायकल, खाकी पिशवी, पिशवीत देवीची लस टोचायची सुई. गल्लीत शिरला की पोरं "देवीचा डॉक्टर आला रं!" म्हणत पळत सुटायची. लोक देवीचा रोगी लपवत. सापडला की सरकारी माणसं त्याला गावाबाहेरच्या छपरात हलवत ना! पण देवीचा मान म्हणून घराच्या दाराला कडुलिंबाचा डहाळा लागायचाच. बद्रीनाथ कुणाला काही विचारतच नसे. डहाळा दिसला की आत जायचा, रोग्याचं नाव लिहायचा आणि आसपासच्या सगळ्यांना टोचायचा.

रत्नमाला तेव्हा त्याच्याच हद्दीतल्या एका गल्लीत राहायची. ही युक्ती त्यानं एकदा तिच्या चुलीपुढं बसून, नकला करकरून सांगितली. ती पोट धरून हसली होती. तिची दोन्ही लेकरं मात्र टोचायची राहिली होती. "मामा घरचाच हाय, टोचंल कवाबी," ती म्हणायची.

महिन्याभरात सहा वर्षांच्या विशाखाला देवी आल्या. रत्नमालानं डहाळा लावलाच नाही. पंधरवड्यानं तान्ह्या मुकुंदाच्या अंगावर फोड उठले, तेव्हा कुठं बद्रीनाथला निरोप गेला. विशाखा वाचली, तोंडभर वण घेऊन. मुकुंद गेला. विशाखाला देवी आल्यावर पहिल्या दोन-तीन दिवसांत त्याला टोचलं असतं तर तो राहिला असता, हे बद्रीनाथइतकं कुणाला ठाऊक होतं! रजिस्टरात भाच्याचं नाव त्यानंच लिहिलं.

"रत्ने," तो म्हणाला, "मी ती बढाई मारली नसती, तर तू डहाळा लावला असतास ना गं?"

रत्नमालानं उशीवरच मान हलवली.

"त्याचं नाय रे काय, दादा. तू दोनदा गेलास दारावरून. मी फटीतून बघत व्हते. पोरीला नेतील म्हून हाक मारायचा धीर व्हईना. पन म्हनलं, भाऊ हाय, चहाला तरी थांबंल. थांबला असतास तर पाय धरले असते तुझे."

बद्रीनाथ हळूच म्हणाला, "बघितलं होतं मी दाराकडं, रत्ने. डहाळा नव्हता. म्हणून पुढं गेलो."